जेटवरचा आकडा

सोलापुरात दुचाकीच्या पार्टच्या दुकानात जाऊन ‘बुलेटचा कार्बोरेटर किट द्या’ म्हटले की समोर प्लॅस्टिकची पुडी येते. पुडीत एक-दोन जेट, एक नीडल, फ्लोटची पिन, तीन-चार रबरी रिंगा आणि पॅकिंग असते. वर गाडीचे नाव छापलेले असते. जेट किती मापाचा आहे आणि रबर कोणत्या जातीचे आहे, हे मात्र सहसा लिहिलेले नसते. जुनी मोटारसायकल जपणाऱ्या माणसाचे पैसे आणि महिने वाया जातात ते याच पुडीपायी. पुडीतला माल दरवेळी वाईट असतो असे नाही, पण मागणीच चुकीची असते. कार्बोरेटरचा पार्ट गाडीच्या नावाने मागायचा नसतो. तो मापाने मागायचा, आणि आज पंपावर जे पेट्रोल मिळते त्याला सोसेल अशा द्रव्याचा मागायचा. या दोन गोष्टी पक्क्या असल्या की सोलापूरसारख्या शहरात बसून साठ वर्षांपूर्वीचा कार्बोरेटर नीट उभा करता येतो. त्या नसतील तर मुंबई-दिल्लीच्या बाजारातून पोतेभर पार्ट आणले तरी गाडी धूर ओकत राहते.

नावाने मागणी का फसते ते बुलेटवरूनच पाहू. १९५५ साली मद्रास मोटर्स आणि इंग्लंडमधल्या रेडिचची रॉयल एनफिल्ड यांनी मिळून मद्रासला एनफिल्ड इंडिया ही कंपनी काढली. तिथपासून २०२०पर्यंत ३५० सीसीची बुलेट कार्बोरेटरवरच धावली. मात्र या पासष्ट वर्षांत तो एकच कार्बोरेटर नव्हता. आधी इंग्रजी घडणीचा ॲमल, मग जपानच्या मिकुनीच्या परवान्याने चेन्नईच्या युकॅलने बनवलेला मिककार्ब, आणि शेवटच्या दहा-बारा वर्षांत निर्वात पोकळीच्या ओढीने स्लाइड उचलणारा वेगळाच नमुना. तिघांचे जेट एकमेकांत सरसकट बसत नाहीत. येझदीचे दुखणे आणखी निराळे. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१पासून ज्या गाड्या काढल्या, त्यांचा मूळ कार्बोरेटर चेकोस्लोव्हाकियातल्या जिकोव घराण्याचा. कारखाना १९९६ साली बंद पडला आणि पुढे अनेक मालकांनी त्या जागी मिककार्ब चढवला. म्हणून आज ‘येझदीचा जेट’ या शब्दांना अर्थच उरत नाही. आधी कार्बोरेटरच्या अंगावरचे ओतीव अक्षर आणि नंबर वाचावा, तो कागदावर उतरवून घ्यावा, आणि गाडीचे नाव विसरून जावे.

मापाचा मुद्दा समजायला कार्बोरेटर आत काय करतो ते थोडक्यात पाहिले पाहिजे. इंजिन हवा ओढते. ती हवा अरुंद गळ्यातून जाताना तिचा दाब उतरतो आणि त्या ओढीने खालच्या वाटीतले पेट्रोल जेटमधून वर येते. अ‍ॅक्सिलेटर पाव वळणाच्या आत असेल तेव्हा स्लो जेट आणि स्लाइडचा तिरका कापलेला काठ काम करतात. पाव ते पाऊण वळणात नीडल आणि तिच्याभोवतीचा नीडल जेट यांचे राज्य असते, आणि त्यापुढे मेन जेटचे. शहरात, हायवेला ट्रकच्या मागे, शेताकडच्या रस्त्यावर गाडी बहुतेक वेळ मधल्या टप्प्यात चालते. म्हणजे सर्वांत जास्त झिजतो तो नीडल जेट, आणि नेमका तोच पुष्कळदा पुडीत नसतो. पुडीत नवी चकचकीत नीडल मिळते. ती जुन्या जेटमध्ये घालून मिस्त्री कार्बोरेटर बंद करतो, गाडी प्लग काळा करते, आणि दोष नीडलला लागतो.

इथे झीज किती सूक्ष्म असते याचा हिशोब डोळे उघडणारा आहे. ॲमलच्या चारस्ट्रोक इंजिनांसाठीच्या नीडल जेटचे भोक साधारण ०.१०६ इंच, म्हणजे २.६९ मिलिमीटरचे असते. समजा त्यात २.५० मिलिमीटर जाडीची नीडल उभी आहे. पेट्रोल जाते ते या दोहोंमधल्या बारीक कड्यातून. इंजिनच्या थरथराटाने नीडल जेटला घासत राहते आणि भोक तीन शतांश मिलिमीटरने मोठे होते. भोकाच्या व्यासात वाढ जेमतेम एक टक्का, पण त्या कड्याचे क्षेत्रफळ वाढते १६ टक्क्यांनी. तीन शतांश मिलिमीटर म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. डोळ्यांना तो जेट नवाच दिसतो, ॲव्हरेज मात्र कोसळलेले असते. म्हणून ही जोडी कधीही फोडू नये. नीडल आणि नीडल जेट एकदम, एकाच घराण्याचे आणि नंबर पाहूनच घ्यावेत. जुना जेट झिजला की नाही हे ठरवायला पिन गेज लागतो. तो नसेल तर नेमक्या मापाच्या ड्रिलची गुळगुळीत दांडी चालते. ती हलकेच आत जाऊन डुगडुगली तर जेटचे आयुष्य संपले.

आता मेन जेटवरच्या आकड्याकडे येऊ. ॲमलच्या जेटवर १८० लिहिले असेल तर त्याचा अर्थ ठरावीक दाबाखाली मिनिटाला १८० घनसेंटिमीटर इंधन त्यातून जाते. केहिन कंपनीच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो. १०० म्हणजे एक मिलिमीटर. मिकुनीकडे तर दोन्ही पद्धतींचे जेट आहेत. तेव्हा ‘आधी शंभरचा होता, एकशेदहाचा टाका’ हे वाक्य कोणत्या घराण्याच्या जेटबद्दल बोलतो आहोत हे सांगितल्याशिवाय निरर्थक आहे. प्रवाह क्षेत्रफळावर ठरतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. व्यासाचा आकडा १०० वरून ११०वर गेला की पेट्रोल दहा टक्के नव्हे, २१ टक्के वाढते. ॲमलने प्रवाहाचा आकडा जेटवर कोरण्यामागेही विचार आहे. सारख्याच व्यासाच्या दोन भोकांतून सारखेच पेट्रोल जाते असे नाही. भोकाच्या तोंडाला दिलेला उतार, त्याची लांबी, आतला गुळगुळीतपणा यांवर प्रवाह बदलतो. गॅरेजात तारेने जेट साफ करणे किंवा रीमरने ‘थोडा मोठा करणे’ ही म्हणूनच सर्वांत महाग पडणारी सवय आहे. तसा जेट कितीचा झाला हे पुन्हा कोणालाच सांगता येत नाही.

दुसरा मुद्दा पेट्रोलचा, आणि तो सोलापूरकरांच्या घरचाच आहे. साखर कारखान्यांच्या संख्येत हा जिल्हा राज्यात आघाडीवर आहे, आणि इथल्या मळीपासून व उसाच्या रसापासून निघणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. महाराष्ट्रासह काही राज्यांत २००३ साली पाच टक्के मिश्रण सुरू झाले, २०२२च्या मध्यापर्यंत देशाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, आणि २०२५पासून पंपावर वीस टक्क्यांचे पेट्रोल सर्रास झाले. शेतकऱ्याला त्याचा आधार आहे, परकीय चलन वाचते, आणि या धोरणाशी इथे भांडण नाही. पण १९६५च्या कार्बोरेटरला ते इंधन माहीत नव्हते. निव्वळ पेट्रोलचा एक किलो नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या किलोला नऊच. वीस टक्के मिश्रणाला ती साडेतेरा किलोच्या आसपास येते. हवा तेवढीच ओढली जात असेल तर इंधन साधारण आठ टक्के जास्त मिळायला हवे, नाहीतर मिश्रण तेवढे पातळ होते. प्रवाहाचा आकडा असलेला जेट आठ टक्क्यांनी वाढवावा लागेल. व्यासाचा आकडा असलेला फक्त चार टक्क्यांनी, म्हणजे १००च्या जागी १०४च्या जवळचा. जेटवरचा आकडा वाचता आला नाही तर हे गणित मांडताच येत नाही.

यावर अनुभवी मिस्त्री म्हणेल, ‘हे सगळे कागदावरचे. जेट न बदलता इथे शेकडो जुन्या गाड्या फिरताहेत.’ त्याचे निरीक्षण खोटे नाही, आणि त्यामागचे कारण सोलापूरच्या हवेत आहे. कार्बोरेटरला हवेचे आकारमान समजते, वजन समजत नाही. हवा तापून विरळ झाली की मिश्रण आपोआप दाट होते. जानेवारीतल्या पंधरा अंशांच्या पहाटे आणि मेमधल्या बेचाळीस अंशांच्या दुपारी एकाच जेटच्या मिश्रणात साडेचार टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. म्हणजे इथेनॉलने आणलेल्या पातळपणाचा अर्धा भाग सोलापूरचे ऊनच भरून काढते. शिवाय जुन्या कारखान्यांनी जेट मुळातच थोडे सढळ दिलेले असत, आणि झिजलेला नीडल जेटही दाटपणात भर घालतो. झीज, ऊन आणि इथेनॉल एकमेकांना झाकतात आणि गाडी बरी चालते. पण नवा नीडल जेट घातला की झीज गेली, थंडी आली की ऊन गेले, उरले इथेनॉल. ‘रिपेअर केल्यावर गाडी बिघडली’ ही तक्रार हिवाळ्यात ऐकू येते तिचे मूळ बहुतेक इथेच असते. चारस्ट्रोक बुलेट अशा वेळी फार तर अडखळेल, सायलेन्सरमध्ये फटफटेल. येझदी-जावा किंवा राजदूतसारख्या टूस्ट्रोक गाडीत धोका मोठा आहे. तिथे ऑइल पेट्रोलमधूनच जाते, म्हणून पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि वर जास्तीची उष्णता. पिस्टन जाम व्हायला भरधाव हायवेचे काही किलोमीटर पुरतात.

इथेनॉलचा दुसरा मार रबरावर आणि धातूवर बसतो, आणि इथे ‘ओरिजिनल’ या शब्दाची मोहिनी उतरवणे भाग आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या सीलबंद खोक्यातला पार्ट मिळाला की संग्राहकाला निधी सापडल्यासारखे वाटते. पितळी जेट, नीडल, स्क्रू यांच्या बाबतीत तो आनंद सार्थ आहे. पितळ खोक्यात म्हातारे होत नाही. पण त्याच खोक्यातली रबरी रिंग चाळीस वर्षे कडक होत आलेली असते, आणि ती घडवली तेव्हा वीस टक्के इथेनॉल कोणाच्या स्वप्नातही नव्हते. आजच्या पेट्रोलला वायटन नावाने ओळखले जाणारे फ्लुओरोरबर चांगले टिकते. साधे नायट्रिल फुगते किंवा काळाने आकसते. दुकानदाराच्या शब्दावर अवलंबून राहायची गरज नाही. एकाच मापाची नायट्रिलची आणि वायटनची रिंग सोनाराच्या काट्यावर ठेवली तर वायटनची साधारण दीडपट भरते. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे रिंगेचे माप व्हर्नियरने घ्यावे, झाकणाच्या काचेच्या बाटलीत पंपावरच्या पेट्रोलमध्ये ती आठवडाभर बुडवावी, बाटली चुलीपासून आणि दिव्यापासून लांब ठेवावी, आणि पुन्हा माप घ्यावे. फुगली ती टाकावी.

धातूचे म्हणाल तर ॲमलसारख्या कार्बोरेटरांची कवचे जस्ताच्या मिश्रधातूची ओतलेली असतात. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. गाडी दोन-तीन महिने उभी राहिली की ते पाणी इथेनॉलसकट तळाशी बसते, आणि वाटीत पांढरी खरपुडी धरते. बारीक स्लो जेटची वाट आधी तीच बुजवते. उभ्या ठेवायच्या गाडीची वाटी रिकामी करणे हा फुकटचा विमा आहे. पितळी फ्लोट डागाच्या जोडावर गळू लागला असेल तर गरम पाण्यात बुडवताच बुडबुडे दिसतात. मात्र आतले पेट्रोल पूर्ण उडून गेल्याखेरीज त्याला डागाची कावी लावू नये. बंद फ्लोटमधली वाफ भडकते आणि इजा तोंडावरच होते. डागही माफकच लावावा, कारण फ्लोट जड झाला की वाटीतली पेट्रोलची पातळी चढते आणि वरचे सगळे हिशोब बिघडतात.

मग पार्ट आणायचे कुठून? मिककार्बचे जेट, नीडल, पिन सोलापुरातही मिळतात, कारण तशी बुलेट या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत बनत होती. इथे अडचण टंचाईची नसून नकलांची आहे. पुण्याची नाना पेठ, चेन्नईचे पुदुपेट्टै, दिल्लीचे करोलबाग हे मोठे बाजार. त्यातला चेन्नईचा रस्ता सोलापूरकरांना सोयीचा, कारण मुंबई-चेन्नई लोहमार्ग शहरातूनच जातो. या बाजारांत जाऊन शोधायचे ते पूर्ण जुने कार्बोरेटर, सुट्या पुड्या नव्हेत. दोन मोडक्या कवचांतून एक धड उभे राहते, आणि त्यातले मूळ जेट, त्यांवरचे आकडे शाबूत असले तर, ही खरी कमाई. ॲमलची गोष्ट वेगळी. तीन इंग्रजी कंपन्या एकत्र येऊन १९२७ साली जन्मलेले हे नाव आज सॉल्झबरीच्या बर्लेन कंपनीकडे आहे, आणि ती मूळ आराखड्याप्रमाणे जेट व पार्ट आजही बनवते. टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून ते महाग पडतात, म्हणून तिथून फक्त मोजून बनवलेल्या वस्तू मागवाव्यात: जेट, नीडल जेट, नीडल आणि इथेनॉल सोसणारा फ्लोट. बाकीच्या गोष्टींसाठी समुद्र ओलांडायची गरज नाही.

बाकीच्या गोष्टी सोलापुरातच होतात, आणि होऊ द्याव्यात. ज्या शहराने १८७७च्या जुन्या गिरणीपासून यंत्रमागांपर्यंत सुटे भाग स्वतः कातून यंत्रे चालती ठेवली, तिथे लेथवरच्या हाताला तोटा नाही. इथल्याच प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचे कॅमशाफ्ट परदेशी मोटारींच्या इंजिनांत फिरतात. मायक्रॉनमध्ये मोजणे या शहराला नवे नाही. जुन्या कार्बोरेटरचा सर्वांत असाध्य वाटणारा आजार म्हणजे झिजलेली स्लाइड, जिला गॅरेजात पिस्टनही म्हणतात. जस्ताची स्लाइड जस्ताच्याच कवचात घासून सैल होते, बाजूने हवा घेते, आणि स्लो कधीच स्थिर राहत नाही. यावर नवा जेट, नवी नीडल काही उपयोगाची नाही. कवचाचे बोअर सरळ करून घ्यायचे आणि त्या मापाची पितळी बाही स्लाइडवर चढवायची, हे चांगल्या टर्नरचे एका दिवसाचे काम आहे. वाकलेला फ्लँज सपाट करणे, ड्रेनचा पेच, बाह्य नळीचा जोड, पॅकिंग कापणे हेही इथलेच. सीमारेषा एकच लक्षात ठेवायची: ज्यातून पेट्रोल मोजून जाते ते विकत घ्यावे, ज्यातून ते फक्त वाहते किंवा अडते ते इथे करून घ्यावे.

शेवटचा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे. एवढा खटाटोप कशाला? हजार-दोन हजारांत नवा कार्बोरेटर मिळतो, तो लावा आणि फिरा. रोज दूध घालायला, शेतावर जायला गाडी वापरणाऱ्याला हा सल्ला योग्य आहे. त्याने तो मानावा, फक्त जुना कार्बोरेटर भंगारात न घालता तेल लावून पिशवीत ठेवावा. पण नवा कार्बोरेटरही कुठल्यातरी अन्य इंजिनासाठी जेट घालून आलेला असतो. मापाचे गणित त्याने टळत नाही, फक्त पहिल्यापासून मांडावे लागते. आणि ज्याला गाडी व्हिंटेज म्हणून जपायची आहे त्याच्यासाठी कायदाही बोलतो. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते ती मूळ रूपात जपलेली असेल आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच. रबराची जात बदलल्याने किंवा जेट चार टक्क्यांनी वाढवल्याने गाडीचे मूळ रूप जात नाही. कार्बोरेटरच उपटून दुसरा बसवल्यावर मात्र तसे म्हणणे अवघड होते.

या सगळ्यात एक साधन शहरात असायला हवे, आणि ते महाग नाही. ठरावीक उंचीवर कायम भरलेली टाकी, खाली जेट बसवायचा जोड, मोजपात्र आणि घड्याळ. मिनिटभरात किती घनसेंटिमीटर पाणी आले हे पाहिले की अनोळखी जेटची माहीत असलेल्या जेटशी तुलना होते. नकली कोणता, रीमरने बिघडवलेला कोणता, ते लगेच कळते. भारतातल्या मोटार-उद्योगाचा पाया घालणारे आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढणारे वालचंद हिराचंद याच सोलापुरात जन्मले, आणि त्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय शहरात आहे. तिथल्या, किंवा आयटीआयमधल्या मुलांनी एका सत्रात असे टेबल उभे करावे, शहरातल्या मिस्त्र्यांना आपले जेट घेऊन बोलवावे, आणि मोजलेला आकडा प्रत्येक जेटसोबत चिठ्ठीवर लिहून परत द्यावा.